देवळालीच्या मास्तरांचे आकडे

बँकेत लागलो ते १९८३ साली, नाशिकच्या एका शाखेत. तेव्हा संगणक नव्हते. महिनाअखेरीला सेव्हिंग्जच्या जाडजूड लेजरांतल्या शिलका एकेक करून उतरवायच्या, त्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी ताडून पाहायची. बेरीज जुळली की घरी जायचे, नाही जुळली तर चहा मागवायचा. माझ्या पहिल्याच महिनाअखेरीला बेरीज चुकली. फरक चोपन्न रुपयांचा. मी, तेवीस वर्षांचा नवखा कारकून, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करणार, तोच आमच्या हेडक्लार्कांनी मला थांबवले. चोपन्नाला नवाने भाग जातो का ते आधी बघ, असे ते म्हणाले. जातो. सहा वेळा जातो. मग कुठेतरी दोन शेजारचे अंक उलटे पडलेत, आणि त्या अंकांमध्ये सहाचा फरक आहे, एवढे सांगून ते पान जुळवायला बसले. पाचव्या मिनिटाला चूक सापडली. कुणा खातेदाराचे अठ्ठावीस मी ब्याऐंशी लिहिले होते.

त्या रात्री सायकलवरून घरी जाताना मी हाच विचार करत होतो, की हे असे का व्हावे? उत्तर तसे सोपे आहे. एकम स्थानचा आठ उचलून दशम स्थानी ठेवला की आठाचे ऐंशी होतात, म्हणजे बहात्तरने वाढतात. दशम स्थानचा दोन खाली आला की विसाचे दोन होतात, म्हणजे अठराने घटतात. वाढ काय अन् घट काय, दोन्ही नवाच्याच पाढ्यातली. अंकांची जागा कशीही बदला, फरक नवाच्या पाढ्याबाहेर जात नाही. आमच्या हेडक्लार्कांना हे कुणी शिकवले ते त्यांनाही आठवत नव्हते. बँकेतल्या जुन्या माणसांकडे असे ज्ञान वडिलोपार्जित भांड्यांसारखे असे.

मला तेव्हा ठाऊक नव्हते ते एवढेच, की याच नाशिकजवळ, बसने तासाभरात पोचावे अशा देवळालीत, एक वृद्ध शिक्षक राहत होते आणि अंकांच्या उलटापालटीवर त्यांनी सारे आयुष्य घालवले होते. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९८६ साली ते गेले. तीन वर्षे मी त्यांच्या इतक्या जवळ होतो, पण भेटलो नाही. त्यांचे नाव मी प्रथम ऐकले ते मुलीकडून. तिला शाळेत बाईंनी एक खेळ सांगितला होता. घरी येऊन तिने तो माझ्यावर करून पाहिला आणि शेवटी सांगितले, की बाबा, हे शोधून काढणारे आपल्या देवळालीचे होते. बाप म्हणून, नाशिककर म्हणून आणि आकड्यांवर पोट भरणारा माणूस म्हणून मला एकदमच ओशाळल्यासारखे झाले. हा लेख त्या ओशाळेपणाची थोडी परतफेड आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर पंचांगातले आकडे हवेत, अंशकलांची बेरीज-वजाबाकी तोंडी यायला हवी. पुढचे भविष्य कळो न कळो, आकडेमोडीची सवय मात्र त्या घरात होती. आठ वर्षांचा असताना दत्तात्रेयाची आई गेली. वडिलांनीच त्याला वाढवले. आईविना वाढणारे ते मूल तासन्‌तास कोडी सोडवत आणि हिशेबाच्या जवळच्या वाटा शोधत बसे. शाळा ठाण्याला झाली आणि कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजचे प्राचार्य होऊन गेले होते. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्‌सी. झाले.

आपल्याकडच्या चरित्रांत इथून पुढे विलायतेची बोट येते. कापरेकरांच्या चरित्रात ती आली नाही. एम.एस्‌सी. नाही, संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षे फळा, खडू आणि मुले. सायकलवरून फिरून शिकवण्या करायच्या आणि वेळ मिळाला की नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचा. लोक त्यांना गणितानंद म्हणत. टोपणनावे बहुधा थट्टेने पडतात. हे मात्र नेमके बसले होते.

मुलीने केलेला तो खेळ असा. चार अंकी कोणताही आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्यातले अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, मग लहानापासून मोठ्याकडे मांडा आणि मोठ्यातून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपण कापरेकरांचे जन्मसालच घेऊ, १९०५. मोठी मांडणी ९५१०, लहान मांडणी ०१५९, वजाबाकी ९३५१. आता ९५३१ मधून १३५९ गेले, उरले ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, म्हणजे ७४४३. त्यानंतर ३९९६, पुढे ६२६४, त्यापुढे ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. आता ६१७४ वर तेच करा. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४. गाडी थांबली. आकडा कोणताही घ्या, फार तर सात खेपांत याच स्टेशनावर उतरायचे, आठवी खेप लागत नाही. तीन अंकी आकड्यांना असेच एक मुक्कामाचे ठिकाण आहे, ४९५. पाच अंकी आकड्यांना मात्र नाही, ते गोल गोल फिरत राहतात.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे पन्नाशीच्या दशकात तो अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आला. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हा शोध समजतो. चौथीच्या मुलाला कळावे असे काही पाच हजार वर्षांच्या गणितात सुटून राहिले होते आणि ते देवळालीच्या एका शाळामास्तरांना सापडले, याचे मला अजूनही नवल वाटते.

याच खेळातला एक मोठा आकडा मला फार आवडतो. शून्यापासून नवापर्यंतचे दहाही अंक एकेकदा घ्या. मोठी मांडणी ९८७६५४३२१०, लहान मांडणी ०१२३४५६७८९. वजाबाकी करा. उत्तर येते ९७५३०८६४२१, म्हणजे नऊशे पंच्याहत्तर कोटी तीस लाख शहाऐंशी हजार चारशे एकवीस. नीट पाहा, यातही दहाही अंक आहेत आणि प्रत्येक एकदाच आहे. त्यामुळे पुन्हा वजाबाकी केली तरी हेच उत्तर. पत्त्यांचा कॅट कितीही पिसा, वरचे पान तेच निघावे, तसे आहे हे.

दुसरा शोध रेल्वेच्या फलाटावरचा. मुंबईपासून तीस मैलांवर, जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर डेमलो नावाचे स्टेशन होते, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे कापरेकरांना एक कल्पना सुचली आणि त्या आकड्यांना त्यांनी स्टेशनचेच नाव दिले. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१. एक हजार एकशे अकराचा १२३४३२१. जिना एकेक पायरी चढतो आणि तसाच उतरतो. नऊ एके शेजारी शेजारी मांडून वर्ग केला, की सतरा अंकी आकडा येतो, १२३४५६७८९८७६५४३२१. हे डेमलो आकडे. दहा एक्यांचा वर्ग केला की मध्ये हातचा येतो आणि जिना मोडतो. डोंबिवलीच्या फलाटावर आज लोकलला लोंबकळणाऱ्या लाखो माणसांपैकी कितींना ठाऊक असेल, की त्यांच्या स्टेशनच्या जुन्या नावाने गणितात आकड्यांचे एक कूळ आहे?

या सतरा अंकी आकड्यातले सगळे अंक मिळवा. बेरीज एक्क्याऐंशी येते. आणि त्या एक्क्याऐंशीने त्या आकड्याला नि:शेष भाग जातो, कारण नऊ एक्यांच्या आकड्याला नवाने भाग जातो आणि इथे त्याचा वर्ग आहे. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, त्याला कापरेकरांनी हर्षद असे नाव दिले. आनंद देणारा. रामानुजनांचा प्रसिद्ध १७२९ हर्षद आहे. त्याच्या अंकांची बेरीज एकोणीस, आणि एकोणीस गुणिले एक्क्याण्णव म्हणजेच १७२९. कापरेकरांचा स्वत:चा ६१७४ देखील हर्षद आहे. अंकांची बेरीज अठरा, भागाकार ३४३, आणि ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

आणखी एक जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते, कापरेकर संख्या. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, वीस आणि पंचवीस. मिळवा, पुन्हा पंचेचाळीस. पंचावन्नाचा वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस मिळून पंचावन्न. दोनशे सत्त्याण्णवचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. मोठा आकडा हवा असेल तर १४२८५७ घ्या. हा एकाला सातांनी भागले की दशांश चिन्हानंतर फिरफिरून येणारा आकडा. त्याचा वर्ग २०४०८१२२४४९. तोडा. २०४०८ अधिक १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७. २०२५ साल आले तेव्हा मी नातवाला ही गंमत सांगितली. असे पूर्ण वर्गाचे साल याआधी १९३६ मध्ये येऊन गेले, चव्वेचाळिसाचा वर्ग. पुढचे २११६ मध्ये. नातवाने ते साल कागदावर लिहून घेतले.

पण मला सर्वांत जवळची वाटतात ती त्यांची स्वयंभू संख्या. त्र्यंबकेश्वराच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला स्वयंभू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. जे कोणी घडवले नाही, स्वत:हून प्रकटले, ते स्वयंभू. कापरेकरांनी हा शब्द आकड्यांना लावला. मी बँकेच्या भाषेत सांगतो. समजा, एका खात्यात सत्तेचाळीस रुपये आहेत. नियम असा, की रोज शिलकेतल्या अंकांच्या बेरजेइतकी रक्कम खात्यात भरायची. सत्तेचाळीसचे चार आणि सात मिळून अकरा, शिल्लक अठ्ठावन्न. मग तेरा भरले, एक्काहत्तर. आठ भरले, एकोणऐंशी. सोळा भरले, पंच्याण्णव. आता या पाचही शिलकांतल्या सगळ्या अंकांची एकत्र बेरीज किती? कापरेकरांनी दाखवले, की बेरीज मारत बसायचे कारणच नाही. शेवटच्या शिलकेतून पहिली वजा करा, अठ्ठेचाळीस. त्यात शेवटच्या शिलकेचे अंक मिळवा, नऊ आणि पाच, चौदा. उत्तर बासष्ट. हा नियम वाचला तेव्हा मी मोठ्याने हसलो. अखेरची शिल्लक वजा सुरुवातीची शिल्लक म्हणजे मधला भरणा, हे आम्ही पासबुकावर आयुष्यभर करत आलो. त्यात गणित आहे हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नाही.

आता प्रश्न असा, की या नियमाने कोणत्याही शिलकेवर पोचता येते का? नाही. विसावर कुठूनच पोचता येत नाही, एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न यांवरही नाही. त्यांना मागची शिल्लकच नाही. ते स्वयंभू. दहावर पाचापासून पोचता येते, शंभरावर शहाऐंशीपासून, हजारावर ९७७ पासून, दहा हजारांवर ९९६८ पासून आणि एका लाखावर ९९९५९ पासून. दहा लाखांवर मात्र पोचता येत नाही.

याची सिद्धता रविवारच्या चहाबरोबर होण्यासारखी आहे. दहा लाखांच्या आदल्या दिवशीची शिल्लक सहा अंकी असणार. सहा अंकांची बेरीज फार तर चोपन्न. (माझे चोपन्न मला इथेही भेटले!) म्हणजे आदली शिल्लक ९,९९,९४६ च्या खाली असू शकत नाही आणि तिचे पहिले चार अंक नऊच हवेत. त्या चार नवांची किंमत नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे, आणि अंक म्हणून बेरीज छत्तीस. दोन्ही मिळून दहा लाखांना चौसष्ट कमी पडतात. दशम स्थानचा प्रत्येक एकक आपल्याला अकरा देतो, किंमत दहा आणि अंक एक. एकम स्थानचा प्रत्येक एकक दोन देतो. अकरा आणि दोन यांच्यातून चौसष्ट जुळवायचे. दशम स्थानी विषम अंक चालणार नाही, कारण चौसष्ट सम आहे. सहा घेतला तर सहासष्ट होतात, जास्त झाले. चार घेतला तर वीस उरतात, म्हणजे एकम स्थानी दहा हवेत. आणि अंक तर नवापर्यंतच आहेत. केवळ एकाने हुकले! दोन किंवा शून्य घेतले तर आणखीच लांब. म्हणून दहा लाख हा आकडा स्वयंभू आहे. ज्याला दहा लाख हवेत त्याने दहा लाखांपासूनच सुरुवात करावी. बँकेत बसून असे कितीतरी खातेदार मी पाहिले.

इतके सगळे वाचल्यावर कुणाच्याही मनात येईल, की याचा उपयोग काय? हा प्रश्न कापरेकरांना आयुष्यभर पुरला. देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. लोक हसत. त्यांचे लेख छापून आले ते बहुतेक लहानसहान नियतकालिकांत. उरलेले त्यांनी स्वत:च्या खर्चाने पुस्तिका काढून देवळालीहून प्रसिद्ध केले. शाळामास्तरांचा पगार तो केवढा, त्यातून छपाईचे पैसे द्यायचे. देवळालीच्या नावाचाही एक योगायोग आहे. ब्रिटिश अमदानीत विलायतेला परतणारे गोरे सोजीर इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डुलॅली’ म्हणण्याची रीत पडली. डुलॅली म्हणजे आपली देवळालीच. त्याच गावात हा माणूस कुठेही न जाता बसला होता आणि लोक त्यालाही वेडा समजत होते.

टीकाकारांचे म्हणणे मला सरसकट खोटे म्हणता येणार नाही. गणितज्ञांचा आक्षेप असा, की हे गुणधर्म संख्यांचे नसून त्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. आठ बोटे असती तर आपण आठाच्या पटीत मोजले असते आणि ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. मूळ संख्या मात्र कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी मूळच राहते. हा आक्षेप खरा आहे. पण कापरेकर गेल्यानंतर जे झाले तेही खरे आहे. डग्लस इयानुची या गणितज्ञाने २००० साली दाखवले, की कापरेकर संख्यांचे थेट नाते नुसत्या नवांनी लिहिलेल्या आकड्यांच्या, म्हणजे ९९, ९९९, ९९९९ यांच्या विभाजकांशी आहे. ज्याला लोक गंमत समजत होते, तिच्या मुळाशी भागाकाराचा पक्का नियम निघाला.

हर्षद संख्यांची गोष्ट तर आणखी मोठी. १ ते १० हे दहाही आकडे हर्षद आहेत, कारण एक अंकी आकड्याला स्वत:नेच भाग जातो आणि दहाच्या अंकांची बेरीज एक. अकरापाशी साखळी तुटते. मग एकापाठोपाठ एक असे जास्तीत जास्त किती हर्षद आकडे येऊ शकतात? कूपर आणि केनेडी या दोन गणितज्ञांनी १९९३ साली सिद्ध केले, की वीस येऊ शकतात, एकवीस कधीही नाही. त्यांनी अशा विसांची रांग रचूनही दाखवली. पण तिची सुरुवात कुठे होते? एकावर चार हजार चारशे छत्तीस कोटींहून अधिक शून्ये दिल्यावर जो आकडा होईल, त्याच्याही पलीकडे. एका पानावर अडीच हजार अंक बसतात असे धरले, तर तो आकडा नुसता लिहायला पावणेदोन कोटींहून अधिक पाने लागतील. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेली सगळी लेजरे एकावर एक रचली तरी त्यात तो मावणार नाही. इतक्या दूरच्या आकड्याबद्दल माणूस खात्रीने काही सांगू शकतो, आणि त्या वाटेचे नाव देवळालीच्या एका मास्तरांनी संस्कृतातून ठेवलेले असते. उपयोग विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात थोडा जड होतो. १९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी गेली. त्यानंतर पेन्शनमध्ये भागेनासे झाले. त्यांची राहणी अतिशय साधी होती. गरजा कागद-पेन्सिलीपलीकडे फारशा नव्हत्या. तरीही भागेना. म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी पुन्हा शिकवण्या धरल्या, गणिताच्या आणि विज्ञानाच्या. ज्यांच्या नावाने आकडे ओळखले जातात, त्यांना महिन्याच्या खर्चाचा आकडा जुळवणे अवघड जात होते.

बँकेत पेन्शनचा दिवस असे. सकाळी दार उघडायच्या आधीच म्हातारी माणसे पायरीवर येऊन बसत. स्वच्छ धुतलेला पण कॉलर झिजलेला सदरा, कापडी पिशवी, पिशवीत चष्म्याचे घर आणि पासबुक. आम्ही तरुण मंडळी टोकन द्यायचो, सही ताडून पाहायचो, नोटा मोजून पुढे सरकवायचो. कुणी बोलायला लागले तर मान न वर करता हूं हूं करायचो. मागे रांग असायची आणि दोन वाजता काउंटर बंद करायचे असायचे. कोण कुठे शिक्षक होता, कोण पोस्टात, कोण रेल्वेत, कुणी काय केले, कुणाच्या डोक्यात काय आहे, हे आम्ही कधी विचारले नाही. कापरेकर आमच्या शाखेत येत असे मी म्हणत नाही, त्यांचा आणि आमच्या शाखेचा काही संबंध नव्हता. पण त्यांचे चरित्र वाचल्यापासून मला ती रांग आठवते आणि त्यातला एकही चेहरा आठवत नाही. आज मी स्वत: त्या रांगेतल्या वयाचा आहे.

सुदैवाने कापरेकरांच्या गोष्टीत उशिरा का होईना, एक पोस्टमन आला. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात गणिताच्या गमतींचे सदर चालवत. जगभरचे गणितज्ञ ते वाचत. १९७५ च्या मार्च अंकात गार्डनरांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. देवळालीत खिशातून पैसे घालून छापलेल्या पुस्तिकांतले आकडे एकदम जगभर पोचले. परदेशातल्या गणितज्ञांनी त्यांवर काम सुरू केले. जपानात ओसाकाचे युताका निशियामा यांनी २००६ साली ६१७४ वर लेख लिहिला, आणि कितीतरी देशांत शिक्षक हा आकडा वर्गात मुलांना देतात. आपल्याकडे मात्र नेहमीसारखे झाले. आधी बाहेरून कळले, मग आपण मान डोलावली.

तरी हे चरित्र दु:खाचे आहे असे मला वाटत नाही. दु:खी माणूस आकड्यांना हर्षद असे नाव ठेवत नाही. जगाने दाद द्यावी म्हणून ते काम करत असते, तर ते १९४० सालीच थांबले असते. दाद मिळायला त्यांना सत्तर वर्षांचे व्हावे लागले आणि तोवर त्यांचे काम बहुतेक होऊनच गेले होते. आकड्यांशी त्यांचे नाते व्यसनी माणसाच्या नात्यासारखे होते, एवढाच फरक की या व्यसनाने कुणाचे घर बुडाले नाही. मी निवृत्त झालो तेव्हा आता पुढे काय, हा प्रश्न मलाही पडला होता. कादंबऱ्या लिहितो म्हणून निभावले. पण ज्यांना काहीच नाद लागलेला नसतो अशा माझ्या मित्रांची दुपार किती लांब असते, ते मी पाहतो.

शेवटी पुन्हा तो खेळ. कापरेकर १९८६ साली देवळालीतच गेले. एका संध्याकाळी मी सहज त्या सालाची वजाबाकी मांडली. ९८६१ मधून १६८९ वजा. उत्तर आले ८१७२. आकडा ओळखीचा वाटला म्हणून मागचे कागद चाळले. जन्मसाल १९०५ घेऊन निघालो तेव्हा दुसऱ्या खेपेला हाच ८१७२ लागला होता. म्हणजे जन्माचे साल आणि मृत्यूचे साल या दोन वाटा ८१७२ पाशी एक होतात, आणि तिथून पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे करत त्यांच्याच ६१७४ वर येऊन थांबतात.

यात काही गूढ नाही, हे मला कळते. चार अंकी सगळेच आकडे तिथे पोचतात, तुमचेही आणि माझेही. कागद-पेन्सिल घ्या, आपले जन्मसाल मांडा आणि घरातल्या एखाद्या मुलाला वजाबाकी करायला बसवा. सात खेपांत नक्की पोचाल. आठवी लागली, तर मात्र आमच्या हेडक्लार्कांचा नियम लक्षात ठेवा, कुठेतरी दोन अंक उलटे पडले आहेत.